कच्चा टाका

सांवेर रोडला, शेवेच्या कारखान्यासमोर
शटर अर्धं ओढून
आम्ही एका जीपचे पाटे उतरवले.
छत्तीस वर्षांची जीप. पाट्यांच्या थरांत
चोरल नदीची रेती, वाळून पीठ झालेली.

पाटा दोन कामं करायचा मुकाट्यानं:
भार झेलायचा, आणि आसाला जागेवर धरायचा.
आता स्प्रिंगा आल्या. त्या भार झेलतात,
धरून ठेवणं त्यांच्या गावीही नाही.
म्हणून हे चार दांडे.
दोन खाली, लांब, जमिनीशी जवळजवळ समांतर,
दोन वर, आखूड, आत तिरपे गेलेले,
टोकांना गोळीचे सांधे.
एवढ्यावर मागचा अख्खा आस लोंबणार.

डॉक्टर झोकरकर दातांचे.
अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, ते त्यांना सांगावं लागत नाही.
तरी विचारतात, "दांडे तर तयार आहेत. अडलंय कुठे?"
अडलंय ते बांधायचे कुठे, यावर.

मी दोरा काढला.
एक खालच्या दांड्याच्या रेषेत,
एक वरच्याच्या,
ओढत नेले बंपरच्या पुढे,
शटरखालून बाहेर,
एक टेम्पो थांबवून रस्त्यापलीकडे.
दोरे भेटले
कारखान्याच्या दारात, बेसनाच्या पोत्यांवर.

अय्यूबनं काच वर केली, डॉक्टरांना म्हणाला,
"भिया, गाड़ी यहाँ, और जान उसकी नमकीन में?"

हसलो सगळे. पण खरंच होतं.
त्या बिंदूला हात लागत नाही,
तिथं ना बोल्ट, ना वंगण,
आणि आस फिरणार तो त्याच्याचभोवती.
चाक दगडावर चढलं की तोही सरकतो,
क्षणापुरतं केंद्र,
पुढच्या क्षणी दुसरीकडे.

मागच्या वर्षी, दुसऱ्या एका गाडीत,
मी तो फार जवळ आणला होता, फार उंच.
सिमरोलच्या चढावर ती बोकडासारखी उडाली,
मागची चाकं माती धरत, सोडत, धरत, सोडत,
आणि प्रॉपेलरचा क्रॉस फुटला.
मालक काही बोलला नाही.
ते न बोलणं अजून माझ्या कानात आहे.

ब्रॅकेटला तीन भोकं पाडून ठेवलीत.
एक भोक खाली: बिंदू रस्ता ओलांडून
आमच्या गटारीच्या फरशीवर आला.
आणखी एक: बॉनेटखाली, पुढच्या आसाच्या वीतभर पुढे.
बरोबर कुठला, ते नुसता कागद सांगत नाही.
गाडीत कोण बसतं, टाकी किती भरलेली,
सगळं वजन मिळून किती उंचीवर राहतं
ते बघावं लागतं.
शेवेवाल्याकडून दोन पोती उसनी आणली, मागे टाकली.
डॉक्टरांना स्टिअरिंगमागे बसवलं. हलायचं नाही.
त्यांनी सवयीनं तोंड उघडलं, मग मिटलं.

आई रामबागेत ब्लाउज शिवायची.
मापावर तिचा विश्वास नसे, स्वतः घेतलेल्याही.
आधी कच्चा टाका.
मग अंगात घाल, हात वर कर, वाक,
नीट श्वास घे, चोरू नकोस.
मशीन त्यानंतर.

अय्यूबनं चार ठिपके मारले, नखाएवढे.
मी एक चाक जॅकवर कमरेपर्यंत उचललं,
दुसरं खाली लोंबू दिलं.
हात वर कर. वाक.
कुठेतरी लोखंड लोखंडाला लागलं, हलकंच:
वरचा दांडा सायलेन्सरला, उजवीकडे.
हे दोऱ्यानं सांगितलं नव्हतं.

छिन्नी घेतली, दोन ठिपके तोडले.
बोटभर आत सरकवलं, पुन्हा ठिपके.
पुन्हा जॅक. या खेपेला आवाज नाही,
फक्त डॉक्टर तिरपे, आणि पोतं त्यांच्या पाठीला टेकलेलं.

"पक्का मार दूँ?" अय्यूब, काच पाडायच्या बेतात.
नको. कच्च्यावरच आधी अंगणात फिरव,
त्या विटांच्या ढिगावर चढव, उतरव.
सोमवारपर्यंत मनात काही आलं नाही, तर पक्का.

बेसन मात्र आजच परत द्यायचंय.
त्यांचा संध्याकाळचा घाणा निघायचाय.